लादीखालचं नाव

अण्णा,

स्वल्प बसून वाच. तू गांधी बाजारला गेल्यावर मी महांतेशला बोलावलं. तोच, जो मला मागणी घालायला आला होता आणि ज्याला तू थोरल्या भावाच्या तोऱ्यात 'सुताराचं पोर' म्हणून अंगणातूनच घालवलंस.

तुझ्या बिलियर्ड टेबलावरची लंडनच्या कंपनीचं नाव कोरलेली पितळी पट्टी त्याने काढली. पट्टीखालचं लाकूड बाकीच्याइतकंच काळवंडलंय, म्हणजे ती फार नंतर ठोकलीय. मग त्याच्या माणसांनी हिरवं कापड सोडवून मधली दगडी लादी उचलली. टेबल जोडणारा कारागीर लादीच्या पोटाला आपलं नाव लिहून ठेवतो. तिथे लिहिलंय, 'बाळाप्पा सुतार, चिकोडी. १९२६.'

आपले आजोबा. अक्षर मी ट्रंकेतल्या त्यांच्या पत्रांशी ताडून पाहिलं. अडुसष्ट वर्षं ते नाव तिथेच होतं, आणि तू जगाला सांगत होतास की गोऱ्या साहेबाने खूश होऊन आजोबांना टेबल भेट दिलं. आपलं आडनाव कुणी बदललं ते तूच शोध.

चार वाजता तुझे क्लबवाले टेबल बघायला येतील. लादी उलटीच ठेवलीय, नाव वर करून. चौघांशिवाय ती हलत नाही.

मी महांतेशकडे चाललेय, कायमची. त्या दिवशी त्याने चहा प्यालेला कप तू आत घेऊ दिला नव्हतास. तो धुऊन आजोबांच्या फोटोपुढे ठेवलाय. यापुढे त्यांच्यापुढचा रोजचा चहा त्यातच ठेवत जा.

भाग्या