टॅम, थोडं बाजूला व्हा

४ जानेवारी १९९८
संकल्प: मार्चअखेर गावच्या लायब्ररीत माझं फोटो-प्रदर्शन. 'फाईफ जिल्ह्याच्या कोळसाखाणी: एक दस्तऐवज'. तीस वर्षं कौन्सिलच्या कचेरीत फायली लावल्या, पण नजर पहिल्यापासून कलावंताची. नवा ट्रायपॉड आणला. एल्स्पेथ म्हणाली, जुन्याचे पाय मोडले का? बायकोशी कलेवर वाद घालू नये.

११ जानेवारी
गावची खाण बंद होऊन पंधरा वर्षं झाली. उरलाय तो पाळणा वर-खाली ओढणाऱ्या चाकाचा मनोरा. तिथे म्हातारा टॅम पर्डी भेटला. वय एक्याऐंशी, आयुष्य खाली कोळसा फोडण्यात गेलं, आता छातीत धूळ. म्हणाला, लॅकी, या चाकाखाली माझा एक फोटो काढ की रे. माझ्या भावाला इथूनच वर आणलं, चादरीत गुंडाळून. माझ्या लेकीकडे, सेंगाकडे, बापाचा एक धड फोटो नाही, आणि माझं काही खरं नाही आता.
मी म्हटलं, नक्की. पण आज उजेड सपाट आहे. पुढच्या रविवारी.

१८ जानेवारी
टॅम सूट घालून हजर. दाढी करताना हनुवटी कापलेली. नेमका समुद्रावरून 'हार' आला, म्हणजे इथलं ते पांढरं धुकं. धुक्यात मनोरा अप्रतिम! अख्खा रोल त्यावरच. टॅमचा लाल मफलर मध्ये येत होता, म्हणून म्हटलं, टॅम, थोडं बाजूला व्हा. बिचारा धापा टाकत कुंपणापर्यंत गेला. त्याचा फोटो राहिला. घाईत पोर्ट्रेट होत नसतं.

१ फेब्रुवारी
उजेड उत्तम. गंजलेल्या रिबिटांचे क्लोज-अप, दोन रोल. माझा सिद्धांत पक्का होत चाललाय: माणूस आला की चित्राचा इतिहास जातो, घरगुती अल्बम होतो. टॅमला समजावून सांगितलं. तो म्हणाला, ते चाक काय आपोआप फिरत होतं का रे? मी पुढच्या रिबिटाकडे वळलो.

१५ फेब्रुवारी
टॅम खोकत खोकत म्हणाला, लॅकी, चाक कुठे जात नाही, मी जातोय, आधी मला उरक. विनोदी माणूस. २२ तारीख पक्की केली. शब्द दिला.

२२ फेब्रुवारी
गेलो नाही. नारिंगी फिल्टर पोस्टाने यायचाय, त्याशिवाय आकाश पांढरं येतं. एल्स्पेथ दुकानातून आली ती तणतणतच. टॅम दोन तास फाटकाशी उभा होता म्हणे, पावसात, त्याच सुटात. निरोप द्यायला हवा होता, मान्य. पण तिला आकाशातलं काय कळतं?

२ मार्च
फिल्टर आला. टॅम हॉस्पिटलात आहे. बरा झाला की पहिलं काम त्याचंच.

५ मार्च
टॅम गेला. न्यूमोनिया.

७ मार्च
सेंगा दारात. म्हणाली, अंत्यविधीच्या कागदावर छापायला बाबांचा फोटो द्या ना. दर रविवारी तुमच्याबरोबरच असायचे. लॅकी माझा फोटो काढतोय, असं सगळ्या वॉर्डाला सांगत होते.
दिवसभर एकतीस रोल पाहिले. भिंग लावून पाहिले. चाक आहे, गंज आहे, धुकं आहे. तो कुठेच नाही. मीच त्याला दर वेळी बाजूला केलं होतं. सेंगाला फोनवर सांगितलं, उजेड बरोबर नव्हता. ती म्हणाली, बरं.

९ मार्च
पोस्टाने कार्ड आलं. शवपेटीचं चित्र, भोवती आठ दोऱ्या, प्रत्येकीला नंबर. चौथी माझी. इथे पेटी खड्ड्यात सोडायची दोरी रक्ताच्या नाहीतर जिवाभावाच्या माणसाच्या हातात देतात. नावं टॅमनंच हॉस्पिटलात सांगून ठेवली होती म्हणे. प्रदर्शन रद्द.

११ मार्च
दोरी धरली. पेटी खाली गेली. अपेक्षेपेक्षा हलकी होती.
नंतर खाणकामगारांच्या हॉलमध्ये चहा आणि खिम्याचे पॅटिस. टेबलावर टॅमचा फोटो. बसच्या पासावरचा, मोठा करून फुटलेला, डोळे अर्धे मिटलेले. त्याचा जुना सोबती डॉड माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, तुझंच काम ना हे? म्हाताऱ्याला बरोबर पकडलंस गड्या.
सेंगा शेजारीच किटली घेऊन उभी होती.
मी म्हटलं, थँक यू.
तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझा कप भरला.