धुऊन-पुसून परत केलेला पंप

प्रति,
मा. साधनसामग्री अधिकारी,
मध्यवर्ती भांडार, स्वच्छता विभाग.

विषय : खड्ड्यातले घाण पाणी वरूनच ओढता येईल असा कडक पाइप आणि चिखलाचा पंप मिळणेबाबत. (अर्ज पाचवा.)

संदर्भ : १) याच विषयावरचे याआधीचे चार अर्ज.
२) आपले पत्र : "सदर पंप घाण पाण्यात वापरल्याचे दिसून येत नाही, सबब बदलून देता येत नाही."

महोदय,

अर्जदार हा पाणी-उपसा तुकडी क्रमांक चारचा मुकादम असून तळघरांत व कारखान्यांच्या खड्ड्यांत साचलेले घाण पाणी उपसून जागा धुऊन देणे हे त्याचे काम आहे. तुकडीत माणसे तीन. अर्जदार स्वतः, दोर धरणारा गडी (याला सगळे उंच्या म्हणतात), आणि अर्जदाराच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे अर्जदाराचे दाजी. दाजींना या कामावर अर्जदारानेच लावले. ही गोष्ट विषयाला सोडून वाटेल, पण तशी ती नाही.

१. पंप कोणता घ्यावा हे आपल्याला सांगणे म्हणजे सुताराला रंधा शिकवण्यासारखे आहे, हे अर्जदार जाणतो. तरी चार अर्जांत ते पोचले नाही म्हणून पुन्हा लिहितो. तुकडीला मिळालेला पंप गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवण्याचा आहे. त्याचा पंखा बंद डब्यात असतो आणि फटी बारीक असतात. त्यात केस, सुतळी, चिंधीचा तुकडा, काहीही गेले की पंखा जागीच अडतो. चिखलाच्या पंपाचा पंखा उघडा असतो. तो अंगठ्याएवढा खडासुद्धा गिळून बाहेर टाकतो.

पण खरे घोडे पेंड खाते आहे ते पाइपात. पाणी बाहेर फेकायला मऊ, चपटा, गुंडाळता येणारा पाइप चालतो. पाणी वर ओढायला तो चालत नाही. पंप ओढू लागला की तो आतल्या आत चिकटून बसतो आणि थेंब वर येत नाही. ओढायला आत तारेचे वेटोळे असलेला कडक पाइपच लागतो. तुकडीला चपटा पाइप शंभर फूट मिळाला आहे आणि कडक पाइप चार फूट. भांडारपालसाहेबांना हे तीनदा दाखवले. ते म्हणाले, "पाइप म्हणजे पाइप. एका तोंडाने आत, दुसऱ्या तोंडाने बाहेर. एकशे चार फूट दिलाय, अजून काय पाहिजे?" यावर अर्जदाराकडे उत्तर होते, पण मागे रांग होती.

२. आता चार फुटी पाइपाचा अर्थ काय, तो असा. पंप पाण्यापासून चार फुटांच्या आत ठेवावा लागतो. खड्डा बावीस फुटी असेल तर पंप दोराने खाली सोडून पाण्यालगतच्या कठड्यावर बसवावा लागतो. तो दर पाच मिनिटांनी तुंबतो, म्हणून तो मोकळा करायला त्याच्याशेजारी एक माणूस बसवावा लागतो. थोडक्यात, पाइप अठरा फूट कमी पडला म्हणून तिथे माणूस लावला आहे.

तो माणूस दरवेळी दाजीच असतात. खड्ड्यांची तोंडे अरुंद. उंच्याचे खांदे बसत नाहीत. अर्जदाराने एकदा स्वतः उतरण्याचा प्रयत्न केला, तो कमरेपाशी अडकला आणि त्याला काढण्यातच अर्धा दिवस गेला. दाजी अंगाने काडी. ते म्हणतात, "तू कशाला दमतोस? तू रजिस्टर लिही, मी जातो." म्हणून खाली उतरणाऱ्याचे नाव या रकान्यात अर्जदार त्यांचे नाव लिहितो आणि शेजारी सही करतो. आजवर एकोणीस वेळा लिहिले आहे.

३. गेल्या महिन्यात छापखान्याच्या खड्ड्यात जे घडले, ते तिसऱ्या अर्जात कळवले होते. दोराच्या एका हिसक्याला वीज बंद करायची, दोन हिसक्यांना चालू आणि तीन हिसक्यांना माणूस वर घ्यायचा, अशी तुकडीची रीत आहे. त्या दिवशी एक हिसका आला, वीज बंद केली. मग काहीच आले नाही. उंच्या म्हणाला, "मुकादम, दोर जड झालाय." दोघांनी मिळून ओढले. दाजी वर आले तेव्हा मान एका बाजूला पडली होती आणि ओठ निळे होते. खालच्या हवेने ते बेशुद्ध झाले होते. त्यांना उघड्यावर आडवे केले, आणि अर्जदार त्यांना हाका मारत राहिला. किती वेळ ते त्याला सांगता येणार नाही. शेवटी दाजींनी डोळे उघडले, उठून बसले, आणि पहिली गोष्ट काय मागितली असेल, तर फडके. पंप पुसायचा राहिला होता.

४. इथेच अर्जदाराची चूक आहे आणि ती तो कबूल करतो. वापरलेले यंत्र जेवलेल्या ताटासारखे लख्ख घासूनच परत करायचे, अशी या तुकडीला सवय आहे. दाजी तर जुन्या दातांच्या ब्रशाने पंपाची जाळी घासतात, पाइप उलटा टांगून निथळवतात, नटाला तेलाचे बोट लावतात. त्याच आठवड्यात पंप तपासणीला दिला. तपासनीसांनी तो सगळीकडून पाहिला, वाससुद्धा घेतला. मग भांडाराच्या अंगणात पिंपभर नळाच्या पाण्यात चालवून पाहिला. चपटा पाइप फेकण्याच्या बाजूला जोडला होता. धार छपरापर्यंत गेली, बघणारे खूश झाले. शेरा आला की पंप नव्यासारखा असून घाण पाण्यात वापरलेलाच नाही. म्हणजे आम्हीच हात दाखवून अवलक्षण करून घेतले. अर्जदाराने विनंती केली की चाचणी घाण पाण्यात घ्यावी. त्यावर सांगण्यात आले की भांडारात घाण पाणी उपलब्ध नाही, हवे असल्यास तुकडीने मागणीपत्र द्यावे.

५. मग पुढच्या कामावर अर्जदाराने दाजींच्या हातून फडके काढून घेतले. त्यांना ते फार लागले. पंप चिखला-केसांसकट, जसा खड्ड्यातून निघाला तसा, हातगाडीवर घालून भांडारात नेला. फाटकावरच्या रखवालदाराने अडवले. "घाणेरडी वस्तू आत घ्यायची नाही, तसा फलक आहे. धुऊन आणा." फलक खरोखरच आहे, आपल्याच सहीचा आहे. धुतलेला पंप वापरलेला धरत नाहीत आणि वापरलेला पंप आत घेत नाहीत. अर्जदार त्या फाटकापाशी हातगाडीच्या दांड्यावर बराच वेळ बसून होता. रखवालदाराने पाणी दिले. माणूस चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

६. येत्या सोमवारी धुलाई कारखान्याचा खड्डा उपसायचा हुकूम आला आहे. हा खड्डा सव्वीस फुटी आहे आणि त्यात वर्षभराचे साबणपाणी, धागे व गाळ साचलेला आहे. छापखान्याच्या खड्ड्यापेक्षा तो वाईट आहे. हुकुमात तुकडीने आपल्याकडील साधनांनी काम उरकावे असे म्हटले आहे. आपल्याकडील साधन म्हणजे दाजी.

ताई रोज दोन डबे भरते, एक दाजींचा आणि एक अर्जदाराचा. छापखान्याच्या दिवसानंतरही तिने डबा बंद केला नाही, बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते. तिने डब्याचे झाकण लावताना एवढेच विचारले, "खाली कुणी उतरायचं त्याचं नाव कोण लिहितं रे?" अर्जदाराने सांगितले की ते नाव ऑफिसातून लिहून येते. तिला ते पटले. ऑफिसापुढे तू तरी काय करणार, असे म्हणून तिने त्याच्या डब्यात एक पोळी जास्त घातली. ती पोळी अर्जदाराने उंच्याला देऊन टाकली. आयुष्यात तो ताईशी पहिल्यांदाच खोटे बोलला आणि तेही आपल्या कार्यालयाच्या आडून, याबद्दल तो आपली माफी मागतो.

सबब विनंती की सोमवारपूर्वी तीस फूट कडक पाइप आणि शक्य झाल्यास चिखलाचा पंप द्यावा. दोन्ही जमत नसेल तर नुसता पाइप द्यावा. पंप वर जमिनीवर राहील, तुंबला तर दाजी तो वरच, उजेडात बसून साफ करतील, आणि मग हवा तितका पुसतील.

तेही होण्यासारखे नसेल, तर सोबत एक कोरा कागद जोडला आहे. सोमवारी खाली कुणी उतरायचे त्याचे नाव आपण आपल्या हाताने त्यावर लिहून खाली सही करावी. अर्जदार विसाव्यांदा ते लिहिणार नाही. निदान ताईला जे सांगितले, ते तरी खरे होईल.

पाचव्यांदा आपला नम्र,

(सही)
मुकादम, पाणी-उपसा तुकडी क्रमांक चार
दिनांक : ११, गुरुवार

सोबत :
१) आधीच्या चार अर्जांच्या पोच.
२) चपट्या पाइपाचा वीतभर तुकडा. (एक टोक बोटाने बंद करून दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढून पाहावा. नवीन आहे, घाण पाण्यात गेलेला नाही.)
३) पंप, न धुतलेला. आत घेत नसल्याने फाटकाबाहेर ठेवला आहे.
४) कोरा कागद, एक.