घर होतं, याचा दाखला

मुक्काम: शाळा, चौथी ब, फळ्याजवळ

तीर्थस्वरूप ताईस,
धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? आई बरी आहे. या वर्गात आम्ही पाच कुटुंबं राहतो आणि ती पाचांनाही शिस्त लावते. (फळ्यावर तिने नळाच्या पाळ्या लिहून ठेवल्यात. शाळेत नळ दोन, माणसं तीनशे.)

गाव रिकामं करून सात महिने झाले. सीमेवरचं वातावरण निवळलं की परत, असं सांगून आम्हाला ट्रकमध्ये बसवलं होतं. वातावरणाचं ठाऊक नाही, पण सीमेवर नवी भिंत चार महिन्यांत उभी राहिली. उद्घाटनाला मंत्री आले, गाड्यांचा ताफा शाळेवरून गेला, धूळ तेवढी आमच्या वाट्याला आली. तिसऱ्या नळाचा अर्ज अजून विचाराधीन आहे. भिंतीला माझा विरोध नाही गं. गोळे पडत होते तेव्हा मीही भिंतीआडच बसलो होतो. पण देश राखायचा म्हणजे त्यात आपणही धरलेले असतो, अशी माझी आपली भाबडी समजूत होती.

आता फर्मान असं, की रहिवासाचा पुरावा देईल त्यालाच नव्या वसाहतीत जागा. गावचं दप्तर तर पंचायतीच्या कचेरीबरोबर जळालं. म्हणून मंगळवारी आईला घेऊन पुनर्वसन कार्यालयात गेलो. (मागे ठेवलं असतं तर ती एकटी निघाली असती.) कारकून म्हणाला, कागद नसेल तर नकाशात घर दाखवा. नकाशा उलगडला, तर आपल्या गावाच्या जागी कोरा पांढरा चौकोन! म्हणे, सुरक्षेच्या कारणास्तव तो भाग गोपनीय आहे. एकतीस वर्षं ज्या गावात टपाल वाटलं, ते गाव पोस्टमनलाच दाखवायचं नाही!

माझं डोकं फिरलं. मी पेन्सिल मागून घेतली आणि त्या कोऱ्या चौकोनात गाव काढायला बसलो. गल्ल्या, विहीर, ओढ्याचा उतार, एकशे चौदा घरं, त्यात दोन पायऱ्यांचं आपलं, शिवाय चावऱ्या कुत्र्याचं फाटक. रांग मोडून माणसं भोवती जमली. "माझं राहिलं, माझं राहिलं!" सुतार ओरडला. कुंभाराची विधवा सून तिच्या घरावर बोट ठेवून उभी राहिली, ते उचलेचना. कारकून आधी हसत होता, मग पांढरा पडला आणि त्याने फोन फिरवला.

अर्ध्या तासात गणवेशातला एक तरुण अधिकारी आला आणि आम्हा मायलेकांना आतल्या खोलीत नेलं. संवेदनशील भागाची इतकी माहिती तुम्हाला कुणी पुरवली? मी म्हटलं, सायकलने. (तो हसला नाही.) त्याने कपाटातून स्वतःचा नकाशा काढला, माझ्याकडे पाठ करून ताडून पाहिला आणि म्हणाला, "तंतोतंत आहे."

"मग तसं लिहून सही करा, साहेब."

"ते कसं करणार? असा नकाशा आहे हेच मला सांगता येत नाही."

म्हणून माझा नकाशा जप्त झाला. चुकला असता तर घरी नेता आला असता.

तेवढ्यात आईने तोंड उघडलं. "बाळा, एवढा बंदोबस्त कुणासाठी रे? आत तर कुणीच नाही."

 मग त्याने तिला पाण्याचा पेला दिला आणि हळूच सांगितलं, की दोन पायऱ्यांच्या त्या घरात त्याचे जवान राहतात, छप्पर शाबूत आहे. म्हणजे आपल्याच घरात, ताई! मला रडावं की भांडावं कळेना. आई म्हणाली, "मागच्या दाराची कडी अडकते. वर उचलून ओढायला सांग त्यांना." त्याने ते वहीत लिहून घेतलं. आपल्या घराबद्दल सरकारदरबारी आजवर झालेली ही एकमेव नोंद. तीही गोपनीय.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. निघताना कारकुनाने बाहेर गाठून सांगितलं, की मागे पाठवणाऱ्याचा पत्ता आणि वर टपालाचा शिक्का असलेली जुनी पाकिटं पुरावा म्हणून चालतील. मी तुला वीस वर्षं दरमहा लिहीत आलो. चूल पेटवायला कामी येतात असं तू म्हणायचीस, ते थट्टेत म्हणत होतीस ना? उरलेली सगळी पाठव. मुदत महिनाअखेर आहे.

आणखी एक. पाकिटंच पाठव, आतली पत्रं तुझ्याकडे राहू दे. शेवटच्या दोन वर्षांत गोळे पडले त्या दिवशीही मी तुला 'इकडे सगळं ठीक' असंच लिहायचो. कार्यालयाने ते वाचलं तर विचारतील, सगळं ठीक होतं तर उठलात कशाला?