सहा पुस्तकांची यादी

१४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

रागावलेल्या धाकटीचा नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. माझा गुडघा अजून कुरकुरतो, आणि खिडकीचं फुटकं तावदान सुताराने शेवटी एकदाचं बसवून दिलं. झाली ख्यालीखुशाली. आता मुद्द्यावर येते.

तुझी तक्रार मी वाचली नाही, मला ती वाचून दाखवण्यात आली. ग्रंथालयाच्या समितीसमोर मला उभं करून अध्यक्षांनी, म्हणजे आपल्या त्या दातांच्या निवृत्त डॉक्टरांनी, चष्मा नाकावर सरकवत वाचलं : ‘सदर कर्मचारी अल्पवयीन वाचकांना जादूटोण्याच्या नादी लावीत आहे.’

सदर कर्मचारी! ताई, तुझ्या पहिल्या नोकरीचा अर्ज याच सदर कर्मचाऱ्याने सुवाच्य अक्षरात लिहून दिला होता. तुला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे तुझ्या केसांतला गुंता याच सदर कर्मचाऱ्याने सोडवला. भांडायचं होतं तर घरी येऊन भांडायचंस. चहा केला असता आणि मग दोघी मनसोक्त ओरडलो असतो.

बरं, ती यादी तरी वाचलीस का? नाही. तू फक्त मथळा वाचलास, ‘आधुनिक चेटूकविद्या आणि विक्का : कुठून सुरुवात करावी’, आणि तुझा पारा चढला. त्याखाली सहा पुस्तकं आहेत. पहिलं एका इतिहासकाराचं जाडजूड पुस्तक. विक्का हा काही हजारो वर्षांचा गूढ पंथ नाही, गेल्या शतकात माणसांनी जुळवलेला नवा धर्म आहे, हे त्यात नीट पुराव्यानिशी सांगितलंय. दुसरं, शेकडो वर्षांपूर्वी चेटकीण ठरवून मारलेल्या बायकांबद्दल. ते वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही. मग एकट्याने साधना करणाऱ्यांसाठी एक सोपं पुस्तक : चंद्राच्या कला, ऋतूंचे आठ सण, मेणबत्ती कशी लावायची, कुणाचं वाईट का चिंतायचं नाही. तुझ्या तक्रारीतला तो सैतान त्यांच्या धर्मात मुळात नाहीच, मी पानन् पान चाळलंय. चौथं वनस्पतींचं, त्यात मी स्वतः पेन्सिलीने लिहिलंय, ‘यातलं काहीही पोटात घेऊ नये’. पाचवं एका बाईने स्वतःच्या अनुभवांवर लिहिलेलं. आणि सहावं हे सगळं थोतांड आहे म्हणणाऱ्याचं!

मी कुठलीही यादी अशीच करते. आधी सगळं स्वतः वाचायचं, प्रत्येकापुढे एक ओळ लिहायची, कशासाठी वाचावं आणि कुठे शंका घ्यावी, आणि शेवटी विरोधातलं एक पुस्तक ठेवायचंच. बावीस वर्षं करतेय. मधुमेहावर केली, घटस्फोटावर केली, मधमाश्यांवर केली. तेव्हा कुणाला काही टोचलं नाही.

अध्यक्षांनी तू तक्रारीला जोडलेली ती यादी मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरली होती.

“कुणासाठी केलीत ही?”

“वाचकासाठी.”

“नाव सांगा.”

“नाव सांगत नाही आम्ही.”

“अहो, तुमची भाचीच ना ती? तिच्या आईनेच लिहिलंय!”

“आई काय लिहिते तो तिचा प्रश्न. कोण काय वाचतं हे मी सांगत नाही.”

सहाही पुस्तकं त्यांनी आपल्या कपाटात कुलूपबंद केली. मी काउंटरवर राहायचं की मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं चिकटवत बसायचं, ते सोमवारी ठरेल. घरी येईपर्यंत माझी छाती अभिमानाने फुगलेली होती. बघा, तत्त्वाची बाई! कुणापुढे वाकली नाही!

आणि दाराचं कुलूप उघडताना सगळी हवा निघून गेली. इथवर मी इतकं तावातावाने लिहिलं, पण तुला कळलं कसं, हे मात्र सफाईने टाळलं. तुला माहीत आहेच, तरी मला एकदा लिहू दे.

मीच सांगितलं. तुझ्या घरी, रविवारी, जेवताना. भाऊजी कसली तरी थट्टा करत होते, सगळे हसत होते, आणि मलाही हशा हवा होता. मी म्हटलं, “जपून बरं का ताई, तुझी चिमणी चेटकीण व्हायला निघालीय, माझ्याकडून यादी करून घेतलीय!” सगळे हसले. चिमणी हसली नाही. तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

पाच परक्या माणसांसमोर जे तोंड शिवून बसलं, ते तुझ्या टेबलावर एका हशासाठी उघडलं. लहानपणी मी सगळ्यांची गुपितं आईला सांगायची म्हणून तू मला भोंगा म्हणायचीस. खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी चिमणी आली आणि तिने काउंटरवर आपलं कार्ड ठेवलं. “रद्द कर.” मी म्हटलं, अगं, मावशी आहे मी तुझी, चुकून बोलून गेले. तर म्हणाली, “मी मावशीला नव्हतं सांगितलं. ग्रंथपालांना सांगितलं होतं.” सतरा वर्षांची पोरगी, ताई. डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. मग निघताना तिने सांगितलं की तू तिचं कपाट उपसलंस, आणि मेणबत्ती न् मीठ सापडलं म्हणून शेजारची पत्र्याची डबीही न उघडताच कचऱ्याच्या गाडीत टाकलीस. त्याला आज तीन आठवडे झाले. त्यानंतर ती फिरकलेली नाही.

ती पुस्तकं तिला कशासाठी हवी होती, ते तिने मला यादी मागतानाच सांगितलं होतं. ते मी तुला सांगणार नाही. तुझं-माझं नातं तुटलं तरी नाही. एवढंच आठव की आपली आई गेली तेव्हा चिमणीची परीक्षा चालू होती, आणि तू तिला चार दिवसांनी सांगितलंस, सगळं आटोपल्यावर. मीही तेव्हा “बरोबर केलंस” म्हटलं होतं.

काल मी तिच्या कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. विचारलं, “तुझ्या आईला पत्र लिहितेय. काय सांगू, काय नको?” बराच वेळ बुटाच्या टोकाने खडी उकरत राहिली. मग म्हणाली, “एक वाक्य. तेही मीच देते.” आणि माझ्याजवळच्या यादीच्या प्रतीमागे लिहून दिलं. ते जसंच्या तसं उतरवते :

‘डबीत आजीचा अंगुस्ताना होता.’

तोच, आई शिवताना बोटात घालायची तो पितळी, एका बाजूने चेपलेला. आईने तो तिला कधी दिला, मला ठाऊक नाही.

समितीला मी काल वेगळं पत्र दिलंय. लिहिलंय की यादीत काहीही चूक नाही, पुस्तकं परत फळीवर लावा. मात्र सदर कर्मचाऱ्याने वाचकाचं गुपित जेवणाच्या टेबलावर फोडलं, शिक्षा द्यायची तर त्याची द्या.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही, ताई. जाईल असं खोटं लिहीत नाही. पण तू तिच्या खोलीत जा, दार वाजवून जा, आणि तिला विचार. मला विचारू नकोस. ती पुस्तकं कुलपात जाण्याआधी मी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. हरवलेली वस्तू परत आणायचा उपाय सहांपैकी एकातही नाही.

तुझीच,
भोंगा