बाबांच्या वहीवरून

ती. आईस,

लांबूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे? एकटीपुरतं काय करायचं म्हणून चहा-बिस्किटांवर भागवत नाहीस ना?

कॉलेजची प्रोग्रॅमिंगची स्पर्धा झाली. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम आपण लिहायचा, मग सगळ्यांचे प्रोग्रॅम एकमेकांशी खेळतात. माझ्या लहानपणी बाबा आमचा दोघांचा प्रत्येक डाव वहीत उतरवून ठेवायचे ना, त्यातल्या त्यांच्याच खेळ्या मी माझ्या प्रोग्रॅमला शिकवल्या. म्हटलं, बाबा गेले तरी त्यांचा खेळ राहील.

शेवटून दुसरी आले. हसू नकोस. प्रत्येक डावात तो छान वरचढ व्हायचा आणि ऐन वेळी वजीर मारायला देऊन बसायचा. परीक्षकांनी विचारलं, "याला शिकवलं तरी कोणी?"

दोन दिवस चूक शोधली. प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. मग वही उघडली. आई, प्रत्येक डावात बाबा जिंकत आलेले आणि मग वजीर देऊन टाकलेला! आणि मी घरभर नाचायचे, "बाबांना हरवलं!" तू तेव्हा तोंडावर हात ठेवून का हसायचीस, ते आत्ता कळलं.

मैत्रीण म्हणते, ते डाव काढून टाक आणि याला नव्याने शिकव. माझ्याच्यानं होत नाही.

काल स्वतःच त्याच्याशी एक डाव खेळले. जिंकले मी, आई.

तुझी,
ठकू