आठ पुठ्ठ्यांची पलटण

मुलुंड (पूर्व)
रविवार, ४ ऑगस्ट १९८५

जयवंत,

आम्ही सगळे मजेत, तूही मस्कतला बरा असशील. तुझ्या आईचा खोकला थांबला. काल भाजी द्यायला गेले तर माझ्यावर ओरडण्याइतका आवाज परत आलाय त्यांना. आबांची मिल सुटल्यापासून वॉचमनकी चालू आहे, तीच. चंद्रप्रकाशला मुलगी झाली, म्हणजे मी आत्या आणि तू काका.

आता लढाईचं. तुझी चाल मिळाली. कॉटखालची फळी ओढून पुठ्ठे मांडले, फूटपट्टीने मोजलं. तुझं निळं घोडदळ टेकडीला वळसा घालून लाल पलटणीपर्यंत बरोबर पोचतंय. तू लिहिलंयस, ‘चंदू, मुकाट्याने चौकोन कर, नाहीतर वाट लागली तुझी.’

चंदू चौकोन करणार नाही. चंदू खेळतच नाहीये रे. गेल्या दसऱ्यापासून त्याने फळीला हात लावलेला नाही. ओव्हरटाइम, बायको, आता बाळ. ‘कळव त्याला, खेळ बंद,’ म्हणाला. पत्रं पहिल्यापासून तो सांगायचा आणि मी लिहायचे, त्यामुळे अक्षर माझंच. मी कळवलंच नाही. दहा महिने तू माझ्याशी लढतोयस.

चिडलास? चीड. पण पूल घेतला तो मी घेतला. ‘चंदू, एवढा बेरकी कधी झालास रे?’ असं लिहिलेलं तुझं पत्र माझ्या साड्यांच्या घडीत आहे. प्रत्येक पत्राच्या शेवटी तू लिहितोस, ‘वनूला विचारलंय म्हणून सांग.’ सांगणार कोण? मीच मला सांगायचे. घरात कोणी नसताना, मोठ्याने.

तुला आठवत नसेल, मला आठवतं. रद्दीवाल्याकडून ते इंग्रजी पुस्तक तू आणलंस आणि नेपोलियन आमच्या घरात शिरला. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापायचं, त्यावर काड्यापेटीच्या काड्या चिकटवायचं काम माझं. एक काडी म्हणजे वीस माणसं, चार काड्यांचा पुठ्ठा, आठ पुठ्ठ्यांची पलटण. फ्रेंचांना आईची नीळ, इंग्रजांना माझं कुंकू. पुठ्ठ्याच्या ज्या कडेला काळी रेघ, तिकडे शिपायांचं तोंड. आठ पुठ्ठे शेजारी शेजारी म्हणजे रांग, दोन-दोन एकामागे एक म्हणजे दौडायला तयार. आणि घोडे आले की चौकोन, बाजूला दोन-दोन पुठ्ठे.

पहिल्यांदा तो चौकोन मला लावायला दिलास तेव्हा मी सगळ्यांची तोंडं आत केली. वाटलं, संकट आलंय, तर माणसं एकमेकांकडे बघतील ना! तू आणि चंदू हसून हसून लोळलात. मी रडायच्या बेतात. मग तू एकटाच पुढे सरकलास आणि आठही पुठ्ठे एकेक करून बोटाने फिरवलेस. ‘शत्रू बाहेर आहे गं, वनू,’ म्हणालास. एवढंच. आई किती ओरडायची, ‘जयवंतदादा म्हण त्याला.’ एकदाही म्हटलं नाही मी.

बघ, लिहायचं ते सोडून भलतंच लिहितेय. गेल्या पत्रात तू विचारलंस, वनूचं कुठे जमतंय का. चंदूच्या नावाने मी ‘अजून नाही’ लिहिलं. ती थाप होती. वाकोल्याचं स्थळ आहे, टेलिफोनमध्ये नोकरी. दोनदा येऊन गेले, त्यांना मी पसंत. आई म्हणते, ‘झील बरो आसा, नोकरी पक्की आसा, आनी काय व्हया तुका?’ खरंच चांगला आहे तो. त्याच्यात खोड काढायला गेले, सापडली नाही. म्हणूनच जीव घाबरा झालाय. वाईट असता तर भांडले असते.

गणपतीनंतर साखरपुडा करायचा म्हणतात. आबांना मी विसर्जनापर्यंत थांबवलंय, कारण काही सांगितलं नाही. काय सांगू? दोन वर्षं झाली तुला जाऊन, आणि जाताना तू स्टेशनवर चंदूला मिठी मारलीस, मला नुसतं ‘येतो’ म्हणालास. त्या ‘येतो’वर किती दिवस काढायचे माणसाने?

तुझी आठवण येते जयवंत. रोज येते. पोस्टमन चाळीत शिरला की हातातलं काम सुटतं. तुला माझ्याबद्दल तसं काही वाटतं का, हे मी विचारतेय. लाज वाटतेय, तरी विचारतेय. मला तू हवा आहेस.

माझी चाल: पलटण रांगेतच उभी राहील. चौकोन केला तर तुझे घोडे मागे फिरतील हे मला ठाऊक आहे, नियम पाठ आहेत माझे. पण चौकोनाला जागचं हलता येत नाही, आणि मला आता हलायचंय.

पत्राला जायला बारा दिवस, यायला बारा. गणपतीच्या आधी पोचेल असं लिही. आणि पाकिटावर चंद्रप्रकाशचं नाव घालू नकोस, माझं घाल. घरात बोभाटा झाला तर होऊ दे. नकार असला, तरी तो माझ्याच नावावर पाठव.

वनमाला