गावठाणावरचे दिवे

२८ डिसेंबर १९७४

आज पूर्णेवरच्या धरणावर हजर झालो. मोजणीची मोटारलाँच माझ्या ताब्यात! आठ वर्षं कळमनुरीत लोकांचे रेडिओ उघडून बसलो, आता गाळमोजणीचं यंत्र सांभाळायचं. मोठं गमतीचं यंत्र आहे. पाण्यात आवाज सोडतं, तो तळाला लागून परत आला की कागदावर रेघ ओढतं. तळ जितका खोल, रेघ तितकी खाली. वारा सुटला की रेघ थरथरते, म्हणून तांबडं फुटायच्या आत निघायचं.

लाँचला डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. दोन्ही रंग एकदम दिसले की समजायचं, नाव सरळ आपल्याकडेच येतेय. मी काचा राखेनं घासल्या, तर काठावरच्या बाया बघायला जमल्या. चालक कोंडीबामामा मात्र विडी ओढत पाठ फिरवून बसले. त्यांची जुनी नाव शेडमध्ये पडून आहे, तिलाही लाल-हिरवे कंदील.

साहेब म्हणाले, तळाचा नकाशा पुरा करा अन् रजेवर जा. पद्माचे दिवस भरलेत, गोरेगावला माहेरी आहे. आता काय, हात चालवायचे.

३१ डिसेंबर

मामांनी आज कमालच केली. पाण्यात गेलेल्या जुन्या गावठाणावर आलो तसे त्यांनी दिवेच बंद केले! काहून म्हणून विचारलं, तर म्हणे इथं दिवा दावायचा न्हाई साहेब. धरण भरलं तेव्हा दवंडी होती, लाल-हिरवे दिवे लावून नाव येईल, छपरावर थांबा. नाव दोनदा आली, तिसऱ्यांदा आलीच नाही. सात माणसं राहिली. ती अजून थांबून आहेत, दिवा दिसला की वर येतात. नाव कोण चालवत होतं, हे विचारल्यावर मामा उठून लाँचच्या टोकाला जाऊन बसले.

मला हसू आवरेना. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, अंधारात चालत्या नावेचे दिवे बंद करू नयेत. बटणावर पेटी बसवली, कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात.

४ जानेवारी

तार आली. मुलगी! साऱ्या वस्तीत गूळ वाटला. बारसं पंधराला, अन् मी जाणार म्हणजे जाणार. नकाशासाठी लाँच सरळ रेषेत नेऊन मोजायच्या तीन ओळी उरल्यात, तिन्ही गावठाणावरच्या.

एक आज केली, दिवे लावून. तळ चाळीस फुटांवर. त्याच्या जरा वर सात बारीक रेघा आल्या. मासे असतील.

८ जानेवारी

दुसरी ओळ. त्याच सात रेघा, आता वीस फुटांवर. मासे असे रांगेत थांबतात का?

मामांनी कागद पाहिला अन् काठावर उतरून गेले. त्यांच्या कारभारीण जनकाबाई सांगून गेल्या, तुमी बी जाऊ नका, लेकराचं तोंड बघायचं हाय ना तुमाला. मी चिडलो. तेच तर बघायचंय! एक ओळ राहिली, एकटा जाईन.

१२ जानेवारी, पहाट

धुकं दाट. गावठाणावर पोचलो. रेघा दहा फुटांवर. मग तीन. मग कागद कोराच. लाँच मात्र वीतभर खाली बसली, भरल्यासारखी.

इंजिन बंद पडलं. काठी खाली घातली तर टण्ण वाजलं. पुन्हा चाचपलं. कौलं आहेत. चाळीस फूट पाण्यात माझी लाँच कुणाच्या तरी छपरावर टेकली आहे. मला फार भीती वाटतेय, आई गं, फार.

दिवे बंद केले. उशीर झाला असावा.

१३?

तांबडं फुटतच नाही. घड्याळ सहावरच. हाका मारून घसा बसला. भाकरी संपली.

मागच्या फळीवर सातजण बसलेत. ओले. मी पोचवीन म्हणून वाट बघतात — मला काठ सापडत नाही हो, कसं सांगू —

पोरीचं नाव ठरवायचं राहिलं.

१५ असेल. बारसं

बॅटरी संपली. दिवे आता लागतच नाहीत. पाणी गुडघ्यापर्यंत —

दिवा! लाल. हिरवा. दोन्ही एकदम — म्हणजे सरळ इकडेच! कंदील आहेत, जुनी नाव — मामा! मला शोधायला आले. देवा —

मागचे सातही उठले. आम्ही आठजण हात हलवतोय.

विडी दिसतेय. तोंड दिसतंय. इतके जवळ — पद्मा, आलोच —

मामांनी कंदील खाली घेतला. काच वर केली. गावठाण आलं म्हणून —

न्हाई मामा, मी आहे, मी, फुंकू नका —

हिरवा गेला. लाल —